कानानं तपासलेली पुस्तकं

रझिया आपा पुस्तक तपासायला बसल्या की आधी मॉनिटर भिंतीकडे फिरवायच्या. मग हेडफोन घालायच्या, त्यावरून ओढणी सारखी करायच्या आणि मॉनिटरच्या पाठीकडे बघत ऐकत बसायच्या. बोटं तेवढी कीबोर्डवर हलत असायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई कुणावर तरी रुसून बसल्यात. एकदा कुरियरवाला त्यांची सही घ्यायला आला तो बराच वेळ शेजारी उभाच राहिला. शेवटी आमच्या गव्हाणे सरांना हळूच म्हणाला, "मॅडमचं काही बिनसलंय का?" सर म्हणाले, "न्हाई, त्या वाचायल्यात."

आमचं ऑफिस बीडला जालना रोडवर एका औषध दुकानाच्या माडीवर होतं. गव्हाणे सर मालक, आपा त्यांच्या खालोखाल, आणि आम्ही पाच-सहा जण. काम अंध वाचकांसाठी पुस्तकं तयार करण्याचं. छापील पुस्तक स्कॅन होऊन यायचं. त्यातला मजकूर काढायचा आणि तो अशा रीतीनं मांडायचा की कॉम्प्युटरचा आवाज वाचून दाखवत असताना ऐकणाऱ्याला कळावं, हा धडा सुरू झाला, ही तळटीप, हा तक्ता. आपण पान उलटतो आणि जाड अक्षर दिसलं की थांबतो. ज्याला दिसत नाही तो एक बटण दाबून पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. मथळा कुठं आहे हे फायलीला आतून ठाऊक असलं तरच ती उडी लागते.

फायलीला हे ठाऊक करून देणं आपांचं काम. त्यासाठी त्यांनी एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे. प्रोग्रामिंगमध्ये लायब्ररी म्हणजे एकदा करून ठेवलेली, पुन्हा पुन्हा वापरायची हत्यारं. त्या लायब्ररीत पुस्तक म्हणजे सलग मजकूर नसायचा. वर पुस्तक, त्याच्या पोटात धडे, धड्याच्या पोटात मथळे आणि परिच्छेद, परिच्छेदाच्या पोटात शब्दांचे तुकडे. प्रत्येक तुकड्याला आपण कुणाच्या पोटात आहोत हे माहीत असायचं. बाकी जगात त्याला पालक असा अर्थ असणारा इंग्रजी शब्द वापरतात. आपांनी तिथं 'घर' लिहिलं होतं. रोमन लिपीत, पण घरच. गव्हाणे सरांनी एकदा हरकत घेतली.

"बाहेरच्या माणसाला कसं कळायचं, आपा?"

"बाहेरच्यानं आधी आत यावं," आपा म्हणाल्या, आणि घर घरच राहिलं.

मी चौसाळ्याहून बसनं येऊन-जाऊन काम करायचे. पहिल्या दिवशी आपांनी मला नागरिकशास्त्राचा एक धडा दिला. मी मन लावून सगळे मथळे मोठे केले, जाड केले, मध्ये मोकळ्या ओळी सोडल्या. पान सुंदर दिसत होतं. आपा आल्या, त्यांनी मॉनिटर फिरवला आणि हेडफोन माझ्या कानावर ठेवला.

"आता दुसऱ्या मथळ्यावर जा."

मी बटण दाबलं. आवाज म्हणाला, पुढे मथळा नाही.

"पण मी केलाय की, आपा. दिसतोय."

"दिसतोय," त्या म्हणाल्या. "अक्षर जाड केलं म्हणून मथळा होत न्हाई, मनीषा. टोपी घातली म्हणून कुणी फौजदार होतं का?"

त्या हसल्या नाहीत. खुर्चीवर एक पाय दुमडून बसल्या आणि प्रत्येक ओळ कशाच्या पोटात टाकायची ते दाखवत गेल्या. पुढं हे वाक्य ऑफिसात रुळलं. सर कुणावर आवाज चढवायला लागले की आमच्यातलं कुणीतरी पुटपुटायचं, "अक्षर जाड झालं." आपांच्या कानावर ते जायचं. त्या मान वर करायच्या नाहीत, पण ओठाचा कोपरा हलायचा.

त्या कधी 'चूक' म्हणायच्या नाहीत. "इथं ऐकू आलं न्हाई," एवढंच म्हणायच्या. त्यांचे वडील मोटार मेकॅनिक, नवराही मेकॅनिक. औरंगाबादला शिकत असताना होस्टेलवर त्यांच्या खोलीत एक न दिसणारी मुलगी होती. आपा तिला पुस्तकं वाचून दाखवायच्या. एकदा तापानं घसा बसला आणि वाचणं थांबलं, तेव्हापासून हे डोक्यात शिरलं, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. तेही मी विचारलं म्हणून.

त्यांच्या नवऱ्याचं, हनीफभाईंचं गॅरेज बसस्टँडच्या मागच्या अंगाला होतं. एकदा मला एक गोष्ट काही केल्या समजेना. पुस्तक लायब्ररीत घेताना त्याचे सुटे भाग होतात आणि फाईल लिहिताना ते पुन्हा जोडले जातात. माझ्या जोडणीत तळटिपा शेवटी गोळा होऊन पडायच्या. आपांनी दोनदा समजावलं. मग म्हणाल्या, "चल," आणि जेवणाच्या सुट्टीत मला गॅरेजवर घेऊन गेल्या.

हनीफभाईंनी एका मोटारसायकलचा कार्ब्युरेटर खोलला होता. जमिनीवर गोणपाट, त्यावर सगळे भाग ओळीनं मांडलेले. आपांनी विचारलं, "ही ओळ कशाची?"

"खोलायच्या क्रमाची," ते म्हणाले. "बसवताना उलट्या बाजूनं यायचं. कावून?"

"हिला दाखवायचं होतं."

हनीफभाई माझ्याकडे बघून हसले. लई हसरा माणूस. "बेटी, जोडून झाल्यावर हातात नट उरला तरी गाडी चालते बरं का. फक्त गिऱ्हाईक परत येतं." मग बायकोला म्हणाले, "आता आलीसच तर जेवून जा. तिकडं माडीवर काय, नुसतं ऐकत बसायचं." डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी मला दिली. आपा गोणपाटाच्या कडेला उकिडव्या बसून एक एक भाग बघत होत्या. जेवल्याच नाहीत.

तळटिपा मी त्याच दुपारी जाग्यावर बसवल्या.

त्या साली आम्हाला एक मोठं काम मिळालं. मुंबईच्या एका संस्थेला स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाची पुस्तकं हवी होती. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, अशी सगळी. ती गावोगावच्या अंध मुला-मुलींना वाटली जाणार होती. सरांनी कच्च्या प्रती ऐकून बघायला आपल्या जिल्ह्यातलंच कुणीतरी शोधायचं ठरवलं आणि तलवाड्याची शारदा सापडली. पंचविशीतली, जन्मापासून न दिसणारी, शेतकऱ्याची मुलगी. ती त्याच परीक्षेची तयारी करत होती. फोनवर तिचा आवाज खणखणीत यायचा, आणि भीडभाड तिला नव्हती.

"आपा, भूगोलाचं पुस्तक ऐकलं. धडे लागतेत, मथळे लागतेत. पण पावसाच्या तक्त्यात नुसते आकडे ऐकू येतेत. कशाचे आकडे, कुठल्या गावचे, काही कळत न्हाई. मी काय पाठ करू, आकडे?"

फोन ठेवल्यावर आपांनी तो तक्ता स्वतः ऐकला. शारदा म्हणत होती ते खरंच होतं. लायब्ररीत तक्त्याच्या प्रत्येक चौकटीला ती कुठल्या ओळीत आहे एवढंच ठाऊक होतं. आपल्या डोक्यावर कुठला मथळा आहे, डाव्या हाताला कुठलं गाव आहे, हे ठाऊक नव्हतं. शिवाय छापील तक्त्यांत कुठं दोन चौकटी एक केलेल्या, कुठं तीन. तिथं तर मोजणीच घसरायची. तक्त्याचा सगळा साचा उपटून नव्यानं लिहायला हवा होता.

सर म्हणाले, "आपा, मुदत बघा."

"बघते," आपा म्हणाल्या, आणि लिहायला बसल्या.

ते काम अर्ध्यावर असताना हनीफभाई गेले.

उन्हाळा लागला होता. दुपारी आपांचा फोन वाजला. त्यांचा दीर बोलत होता. मी शेजारच्या खुर्चीवर होते, मला त्याचा रडका आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. आपांनी विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?" मग ऐकलं. मग म्हणाल्या, "बरं." फोन टेबलावर ठेवला. समोरची फाईल जतन केली. मला म्हणाल्या, "तक्त्याचं काम अर्धं हाय, मनीषा. ह्यातलं काही पुढं देऊ नको." पायात चप्पल सरकवली आणि जिना उतरून गेल्या. त्यांच्या चालण्यात घाई नव्हती. मला वाटलं, काही किरकोळ असेल. संध्याकाळी कळलं की गॅरेजमध्येच छातीत कळ आली होती आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. फोनवर दिरानं त्यांना तेच सांगितलं होतं.

आम्ही घरी गेलो तेव्हा आतल्या खोलीत बायकांच्या मधोमध आपा बसल्या होत्या. सासू, खतीजाअम्मा, मोठ्यानं रडत होत्या. आपा अम्मांची पाठ चोळत होत्या. कुणीतरी म्हणालं, "हिला रडवा गं, न्हाईतर डोक्यात जाईल." एका बाईनं त्यांचे खांदे धरून हलवले. आपांनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाणी पायजे का?"

पुढं इद्दत सुरू झाली. नवरा गेलेल्या बाईनं चार महिने आणि वर काही दिवस घरातच राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. ऑफिसात आम्ही धरून चाललो होतो की आपा आता तेवढे दिवस नाहीत. सरांनी तक्त्याचं काम एका मुलाला दिलं. त्यानं ते उघडलं, बघितलं आणि परत मिटलं.

काही दिवसांनी आपांचा मला फोन आला. "माझा लॅपटॉप तिथं कपाटात हाय. घेऊन ये. आणि शारदानं काय काय सांगितलं ते पण घेऊन ये."

"आपा, घाई नाही काही. सर म्हणाले..."

"घेऊन ये," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी एक दिवसाआड त्यांच्याकडं जायला लागले. पेठेतलं जुनं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत अम्मा बाजेवर तसबीहचे मणी ओढत बसलेल्या, आत आपा भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप. पांढरी ओढणी, हातात बांगड्या नाहीत. एवढं सोडलं तर सगळं ऑफिसातल्यासारखंच. मी गेले की त्या म्हणायच्या, "काय काय ऐकू आलं न्हाई ते सांग." मी सांगायचे. त्या लिहायच्या. शारदाही दर दोन दिवसांनी थेट त्यांनाच फोन करायची. हनीफभाईंचं नाव निघायचं नाही. मला सुरुवातीला भीती वाटायची की आता निघेल आणि मला काय बोलावं ते सुचणार नाही. मग भीती गेली. मग सवय झाली.

शेजारपाजारच्या बायका अम्मांपाशी येऊन बसायच्या. एक दिवस एकीचं बोलणं मी दारातनं ऐकलं. "नवऱ्याला जाऊन महिना न्हाई झाला आणि आत हिची टकटक सुरूच. बघवत न्हाई, अम्मा."

अम्मांनी तसबीह थांबवली नाही. म्हणाल्या, "टकटक ऐकू येते म्हणून मला कळतं ती आत हाय."



त्याच दिवसांत माझ्या हातून एक गंमत झाली. गंमत म्हणायची, पण कुणी हसलं नाही. इतिहासाच्या पुस्तकात एकच सूचना दोन धड्यांच्या सुरुवातीला हवी होती. मी पहिल्या धड्यातला तो तुकडा घेतला आणि दुसऱ्या धड्यातही जोडला. दुसऱ्यात आला, पण पहिल्यातनं नाहीसा झाला. मी पहिल्यात परत जोडला की दुसऱ्यातनं जायचा. अर्धा दिवस मी तेच करत होते. शेवटी आपांना सांगितलं.

"तसंच होणार," त्या म्हणाल्या. "एका तुकड्याला एकच घर. दुसरीकडं नेला की पहिलीकडनं उठतो. दोन्हीकडं पायजे तर नक्कल करून घे, नक्कल वेगळी असते."

एवढं बोलून त्यांची बोटं थांबली. जरा वेळ तशीच राहिली. मला वाटलं आता काहीतरी होणार. त्या म्हणाल्या, "नक्कल करायचं हत्यार मी लिहिलंच न्हाई अजून. थांब, लिहिते." आणि लिहिलं.

मुदत जवळ आली तसे गव्हाणे सर स्वतः घरी आले. अम्मांनी मधल्या दाराचा पडदा ओढला. सर बाहेरच्या खुर्चीवर बसले, आपा आत. मी पडद्याच्या आतल्या बाजूला होते, त्यामुळं मला आपा दिसत होत्या आणि सरांचा फक्त आवाज येत होता. सरांनी आधी दुःखाचं बोलून घेतलं. नीट बोलले. मग म्हणाले, "आपा, तक्त्यांचं असं करू. सरळ मजकूर करून देऊ, ओळीखाली ओळ. तिकडं कुणी ऐकून बघणार न्हाई. पुस्तकं पोचल्याशी मतलब."

"मग तुमी द्या," आपा म्हणाल्या.

"तुम्ही रागावून बोलू नका."

"रागावले न्हाई, सर. द्या. फक्त शारदाला फोन तुमी करायचा. तिला सांगायचं, तक्ते तसेच हायत, आकडे पाठ कर."

बाहेर अम्मांच्या मण्यांचा आवाज येत होता. सरांना शारदाचा आवाज चांगलाच माहीत होता. ते म्हणाले, "किती दिवस लागतील?"

"ईदपर्यंत देते."

सरांनी मुंबईला बोलून मुदत वाढवून घेतली. कसं बोलले ते त्यांनाच ठाऊक. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मागं ऑफिसचं भाडं होतं, आम्ही होतो.

आपांनी तक्ते पुरे केले. आता प्रत्येक चौकट आपलं गाव आणि आपला महिना सांगून मगच आकडा सांगायची. जोडलेल्या चौकटी असल्या तरी मोजणी घसरायची नाही. शारदानं भूगोल पुन्हा ऐकला आणि फोन केला. मी तेव्हा तिथंच होते. आपांनी फोन लाऊडस्पीकरवर टाकला.

"आपा, महाबळेश्वर सापडलं," शारदा म्हणाली. "जुलै पण सापडला. एक राहिलंय, एकोणिसाव्या तक्त्याचं नाव दोनदा ऐकू येतं."

"बघते," आपा म्हणाल्या.

सगळी पुस्तकं ईदच्या आधी मुंबईला गेली. सरांनी ऑफिसात पेढे वाटले. एक पुडा मी आपांकडं नेला. त्यांनी तो अम्मांना दिला, अम्मांनी एक पेढा मोडून अर्धा आपांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी खाल्ला.

पुढं काही आठवड्यांनी संस्थेकडून वाटपाच्या प्रती आल्या. आमच्यासाठी नमुना म्हणून एक पेनड्राइव्ह होता, त्याला छान रंगीत डबी. मी तो ऑफिसात लावला आणि भूगोलाचं पुस्तक उघडलं. दिसायला देखणं होतं. प्रत्येक पानावर संस्थेचं बोधचिन्ह, पानाला नक्षीची चौकट. मी मॉनिटर फिरवला, हेडफोन घातला आणि बटण दाबलं.

आवाज म्हणाला, "चित्र."

मी पुढं गेले. "चित्र." आणखी पुढं. "चित्र."

नक्षी आणि बोधचिन्ह बसवण्यासाठी तिकडं कुणीतरी प्रत्येक पानाचा फोटो करून टाकला होता. आत एक अक्षरही शिल्लक नव्हतं. न मथळा, न परिच्छेद, न तक्ता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तयार केलेलं ते पुस्तक आता फक्त दिसत होतं.

सरांनी मुंबईला फोन केला. बोलणारा माणूस नम्र होता. तो म्हणाला, वाटप झालंय, सगळ्यांना फार आवडलं, पुढच्या आवृत्तीत बघू. सरांनी विचारलं, आमची मूळ प्रत आम्ही परस्पर कुणाला दिली तर चालेल का? तो म्हणाला, करारानुसार नाही. शारदाकडं होत्या त्या आधीच्या कच्च्या प्रती तेवढ्या.

हे आपांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्या म्हणाल्या, "लाव." त्यांनी हेडफोन घातला नाही. त्यामुळं आवाज खोलीभर झाला. चित्र. चित्र. चित्र. त्या बटण दाबत गेल्या. मला वाटलं, दोन-चार पानांनी थांबतील. त्या थांबल्या नाहीत. बाहेरच्या खोलीतनं अम्मा म्हणाल्या, "काय म्हणतो तो, बेटी?" आपा म्हणाल्या, "काही न्हाई, अम्मा. पुस्तक हाय." आणि पुन्हा बटण. पार शेवटपर्यंत. मग लॅपटॉप मिटला.

"बरं," त्या म्हणाल्या. "चहा घेशील?"

मी हो म्हणाले. त्या उठून मागच्या पडवीत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग साखरेच्या डब्याचा. मी त्या मिटलेल्या लॅपटॉपकडं बघत बसले. मलाही रडू आलं नाही. त्या घरात ते कुणालाच येत नव्हतं, पहिल्या दिवशीच्या अम्मांना सोडून.

इद्दत संपली त्या आठवड्यात आपा ऑफिसात आल्या. सरांना म्हणाल्या, "मी तलवाड्याला चाललेय. मूळ प्रत घेऊन."

सर खिडकीतनं खाली रस्त्याकडं बघत होते. "मला काही सांगू नका, आपा," ते म्हणाले. "मला कानानं कमी ऐकू येतंय आजकाल."

मी आपांबरोबर गेले. एवढ्या दिवसांनी आपा पहिल्यांदा गावाबाहेर पडत होत्या. गेवराईपर्यंत एक बस, पुढं दुसरी. दोन्हीकडं कापसाची रानं हिरवी झाली होती. त्या खिडकीशी बसल्या होत्या, पण बाहेर बघत होत्या असं मला म्हणता येणार नाही.

शारदाचं घर गावाच्या कडेला होतं. तिनं आपांना आवाजावरनं ओळखलं आणि म्हणाली, "आपा, तुमी उजवीकडं बसा, तिथं पंखा लागतो." आपांनी स्वतः तिच्या लॅपटॉपवर सगळी पुस्तकं घातली. शारदानं लगेच भूगोल लावला. ती इतक्या वेगानं ऐकायची की आम्हाला त्यातला शब्द कळेना, नुसती गुणगुण. तिचं बोट मात्र चालू होतं. मथळा, मथळा, तक्ता, खाली, उजवीकडं. ती थांबली आणि म्हणाली, "एकोणिसावा पण नीट झाला."

तिच्या आईनं चहा आणला. आपांच्या मोकळ्या हातांकडं एकदा बघून ती आत गेली. मग शारदाच म्हणाली, "आपा, तुमचे मालक गेलेले मला कुणी सांगितलं न्हाई. लई उशिरा कळलं. त्या दिवसांत मी तुमाला दर दोन दिवसांनी फोन करायचे. हे ऐकू येईना, ते ऐकू येईना. तुमी एकदा पण बोलला न्हाईत."

आपांनी बशी खाली ठेवली.

"बरं झालं फोन केलेस," त्या म्हणाल्या. "सगळे येऊन सबर कर, सबर कर म्हणायचे. तू म्हणायचीस जुलै सापडत न्हाई. मग मी जुलै शोधायचे."

शारदानं हात पुढं केला. तो आपांच्या गुडघ्याला लागला, तिथंच राहिला. आपांनी तो काढला नाही. पंख्याचा आवाज येत होता. अंगणात कुणीतरी बैलाला पाणी दाखवत होतं.

त्या वर्षी परीक्षेच्या निकालाच्या यादीत शारदाचं नाव आलं नाही. तिनं फोन केला तेव्हा आपा म्हणाल्या, "पुस्तक अजून हाय ना तुझ्याकडं? मग पुन्हा वाच." ती अजून वाचतेय. तिच्याकडनं ती पुस्तकं आणखी कुणाकुणाकडं गेली आहेत. अंबाजोगाईच्या एका मुलाचा मला फोन आला होता, अर्थशास्त्रातल्या एका तळटिपेबद्दल.

आपांना हैदराबादच्या एका कंपनीत काम मिळालं. तिथं त्यांची मोठी बहीण होती. गॅरेज दिरानं चालवायला घेतलं होतं. अम्मांना त्याच्याकडं ठेवायचं असं सगळ्यांनी ठरवलं. अम्मांनी फक्त विचारलं, "रझिया कुठं राहणार?" आणि आपलं गाठोडं बांधलं. ऑफिसात आपा शेवटच्या दिवशी नेहमीसारख्या आल्या, लायब्ररीच्या चाव्या म्हणजे पासवर्ड माझ्याकडं दिले. निरोप समारंभ नको म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात निघते," एवढंच सांगितलं, वार सांगितला नाही.

त्या मला दिसल्या ते बसस्टँडवर. मी संध्याकाळच्या चौसाळ्याच्या बसची वाट बघत होते. फलाटावर गर्दी होती, नारायणगडाचं दर्शन घेऊन परतलेली माणसं होती, एका कोपऱ्यात केळीवाल्याशी कुणाचं तरी भांडण लागलं होतं. बाकावर अम्मा आणि आपा बसल्या होत्या. पायाशी दोन बॅगा, एक पत्र्याची पेटी. आपांचं डोकं अम्मांच्या खांद्यावर पडलं होतं. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सुटे. गाढ झोपल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना भिंतीला टेकलेलंही कामाशिवाय पाहिलं नव्हतं.

मी जवळ गेले तसा अम्मांनी मोकळा हात वर केला.

"उठवू नको, बेटा."

"अम्मा, तुमची बस?"

अम्मांनी हनुवटीनं समोर दाखवलं. लातूरची गाडी लागलेली होती, तिथनं पुढं हैदराबादची. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, माणसं पिशव्या वर फेकत होती.

"ती हाय की," अम्मा म्हणाल्या. "जाऊ दे. दुसरी येती."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं आली, वळली आणि फाटकातनं बाहेर पडली. धूर आमच्या अंगावरनं गेला. अम्मांनी ओढणीचं टोक आपांच्या नाकातोंडावर धरलं आणि धूर विरेपर्यंत तसंच धरून ठेवलं.